कोरा हात

गफूरभाईंनी हिना अत्तराची बाटली टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी आमच्या अंकाची घडी ठेवली आणि विचारले, "ह्यात घासलेट कुठं आहे, ते मला दाखवा."

बुधवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. मी तेव्हा सांगलीतल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. छोट्या साप्ताहिकात उपसंपादक म्हणजे बातमीदारही तोच आणि प्रूफ वाचणाराही तोच. लढाई संपल्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. कागद अजून कोट्यावर मिळत होता आणि आमचा अंक चार पानांचा होता.

त्या चौथ्या पानावर 'बैठकीचा कौल' नावाचे सदर मी लिहीत असे. खाली सही नसे. ताज्या अंकातले वाक्य असे होते: "या वेळचा हिना तिघाही जाणकारांनी एकमताने नापास केला. त्याला घासलेटाचा स्पष्ट वास येत होता."

दुकानाचे नाव छापले नव्हते. पण त्या थंडीत सांगलीत कनौजचा हिना एकाच दुकानात आला होता, आणि ते दुकान गफूरभाईंचे होते. मिरज जंक्शनवर पार्सल उतरले तेव्हापासून गावाला ते माहीत होते.

संपादक अण्णा खुर्ची सरकवून म्हणाले, "गफूरभाई, कौल बैठकीचा आहे. आम्ही फक्त छापला."

"बैठक माझ्याकडं आली नाही, अण्णा. सातारला तुमचा अंक गेला." त्यांनी खिशातून पत्र काढले. सातारच्या एका इनामदारांच्या घरी माघात लग्न होते. मांडवात पाहुण्यांच्या हाताला लावायचे अत्तर गफूरभाईंनी पुरवले होते. पत्रात आमच्या अंकाचे कात्रण चिकटवले होते आणि खाली दोन ओळी होत्या. कारभारी रविवारी सगळा माल परत घेऊन येत आहेत.

"रविवारी बाटल्या परत येतील. सोमवारी गावात कळेल. मंगळवारी मी दुकान कशाला उघडू?" गफूरभाई आवाज चढवत नव्हते. "आजोबांपासून आमचं अत्तर आहे. लढाईत तेलात काय काय मिसळून लोकांनी विकलं, तुम्हीच छापलंत. त्यात आमचं नाव कधी आलं होतं का?"

आले नव्हते. अण्णांनी बूच काढून वास घेतला. मग मी घेतला. घासलेटाचा वास कुणालाच आला नाही.

"ही बाटली वेगळी असेल," अण्णा म्हणाले.

चहा आला होता, त्याला गफूरभाईंनी हात लावला नाही. "त्याच पेटीतली आहे. तुमच्या बैठकीतल्या वकीलसाहेबांनी नेली ती तिच्या शेजारची. मी ही इथंच ठेवून जातो. रोज हुंगा." आणि ते गेले.

आता बैठकीविषयी सांगायला हवे.

वकील बापूसाहेबांच्या ऑफिसच्या ओसरीवर एक रविवार सोडून एका रविवारी सकाळी तीन शौकीन जमत. स्वतः बापूसाहेब, हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर, आणि माण तालुक्यातून येऊन सांगलीत लेकीकडे राहिलेले एक पेन्शनर सुभेदार. पाळीपाळीने एकाने नवे विकत घेतलेले अत्तर आणायचे आणि तिघांनी मत द्यायचे. उन्हाळ्यात खस आणि गुलाब, थंडीत हिना आणि ऊद. बायकांच्या गजऱ्याला शोभेल असे काही आणले की आणणाऱ्याची खैर नसे. सुभेदारांनी एकदा लढाईत इटलीहून आणलेले, दाढीनंतर लावायचे लव्हेंडरचे पाणी काढले होते.

"हे अत्तर नव्हे, सुभेदार. दवाखाना आहे," मास्तर म्हणाले होते.

"आवं मास्तर, तिथं सायेब लोक हेच थापडत्यात गालावर."

"म्हणूनच राज्य हातचं चाललं त्यांचं," बापूसाहेब म्हणाले. ते वाक्य अण्णांनी प्रुफात कापले.

बैठकीचे नियम दोन होते आणि ते बापूसाहेबांनी घातले होते. पहिला, बाटली हुंगायची नाही. त्यांच्या मते बाटली खोटे बोलते, कातडी खरे बोलते. अत्तर अंगाच्या उबेने उमलते. म्हणून ते मनगटावर लावायचे, चोळायचे, आणि मग लगेच, पाव तासाने आणि तासाने असा तीनदा वास घ्यायचा. दुसरा नियम, ज्या मनगटावर अत्तर लावायचे त्यावर दुसरे कुठलेही अत्तर असता कामा नये. याला ते 'कोरा हात' म्हणत. या तिघांचे हात कधीच कोरे नसत. सुभेदारांच्या कानात तर आंघोळीनंतर लगेच अत्तराचा फाया जाई. अत्तर न लावणारा ओसरीवर एकच माणूस होता, तो म्हणजे वही घेऊन बसलेला मी. त्यामुळे दर वेळी मनगट माझे असे. डाव्या हाताने वही सावरायची, उजव्या हातावर तिघे आळीपाळीने वाकायचे, आणि ते बोलले ते मी नंतर उतरून काढायचे.

त्या हिन्याच्या बैठकीची माझी टिपणे मी बुधवारी पुन्हा वाचली. बाटली बापूसाहेबांनी आणली होती. लावल्यावर लगेच त्यांनी भुवया आक्रसल्या. टिपण असे होते. बापूसाहेब: "आधी मेंदी येते, मग ओल्या मातीची कुंडी, आणि मग... हे काय?" मास्तर: "कंदिलाची काच पुसलेलं फडकं." सुभेदार: "घासलेट हाय. सरळ बोला की." तासाभराने तिघांचे मत तेच राहिले.

टिपणात माझे मत नव्हते. मला घासलेट आले नव्हते. पण मी शौकीन नव्हतो, बातमीदार होतो. बातमीदाराने स्वतःचे मत लिहायचे नसते असे मला शिकवले होते. एक माणूस बोलला तर चौकशी करावी, दोघे बोलले तर लिहावे, असेही शिकवले होते. इथे तीन होते.

बुधवारी दुपारी मी बापूसाहेबांकडे गेलो. ते कोर्टातून नुकतेच आले होते.

"साहेब, ती बाटली जरा हुंगता का?"

"नियम मोडून?"

"गफूरभाईंचा धंदा बसतोय."

त्यांनी कपाट उघडून बाटली काढली आणि बूच नाकाशी नेले. "नाही येत. पण लिमये, त्यानं काही सिद्ध होत नाही. थंडीत भेसळीचा वास बाटलीत उठत नाही. कातडीवर उठतो. म्हणून तर नियम."

"मग तुमच्या हातावर लावून बघू."

"माझ्या हातावर सकाळपासून ऊद आहे. रविवारी बघू." मग चष्मा काढून म्हणाले, "मी हुंगलं ते हुंगलं. कोर्टात उभं केलंत तरी हेच सांगेन."

सुभेदार मला संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भेटले. पायरीवर काठी आडवी ठेवून बसले होते. त्यांना मी सगळे सांगितले.

"लय वाईट झालं. गफूरभाई चांगला माणूस हाय," ते म्हणाले. "पर मला घासलेट आलं व्हतं. दोन वर्सं ट्रकाखाली झोपलोय मी. पेट्रोल का घासलेट, झोपेत वळकतो. आता तुमच्यासाठनं न्हाई म्हनू का?"

"नको."

"मग?"



गुरुवारी मी गफूरभाईंनी ठेवलेली बाटली घेऊन छापखान्यात गेलो. आमचा फोरमन विठोबा खिळे जुळवत होता. खिळे म्हणजे शिशाचे सुटे टाइप. ते एकेक करून ओळीत बसवायचे आणि पानाच्या मापाच्या लोखंडी चौकटीत आवळायचे. त्या आवळलेल्या पानाला फॉर्म म्हणतात. मी विठोबाच्या मनगटावर एक थेंब लावला, माझ्याही लावला. दोघांनी चोळून वास घेतला.

"घासलेट येतंय का?"

"न्हाई बा. झकास हाय. चुलत्याच्या लग्नात असंच लावलं व्हतं."

मलाही आले नाही. टेबलाशी येऊन मी कागदावर दोन रकाने केले. वास आला: बापूसाहेब, मास्तर, सुभेदार. वास आला नाही: अण्णा, विठोबा, मी. गफूरभाई मालक, म्हणून त्यांना कुठेच घातले नाही. तीन विरुद्ध तीन. एकही माणूस खोटे बोलण्यासारखा नव्हता. तो कागद मी दिवसभरात चार वेळा काढून पाहिला. बाजारभावाचे प्रूफ वाचताना गुळाच्या जागी ज्वारीचा भाव तसाच सोडला. विठोबाने तो पकडला. रविवारला तीन दिवस उरले होते.

शुक्रवारी सकाळी छापखान्यात एका हँडबिलाचे काम निघाले. छापून झाल्यावर फॉर्म धुवायचा होता. धुणारा माणूस गावाला गेला होता, म्हणून ब्रश मी घेतला. काम पाच मिनिटांचे. नंतर मी नेहमीप्रमाणे साबणाने दोन वेळा हात धुतले आणि तसाच उठून गफूरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांना काय सांगायचे ते ठरले नव्हते. पण टेबलाशी बसवत नव्हते.

गफूरभाई स्टुलावर चढून, दाराकडे पाठ करून वरच्या फळीवरच्या बाटल्या पुसत होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो. काही बोललो नव्हतो.

"आज नको," ते न वळता म्हणाले. "डबा अजून अर्धा आहे. उद्या या."

मला कळले नाही. "गफूरभाई, मी लिमये."

ते वळले. माझ्या हातांकडे पाहिले. मग माझ्या मागे रस्त्यावर पाहिले. तिथे कुणी नव्हते.

"मला वाटलं घासलेटवाला आला," ते म्हणाले.

ते स्टुलावरून खाली उतरले. माझा उजवा हात धरून त्यांनी नाकाशी नेला आणि अदबीने परत ठेवला.

"आत्ता कुठून आलात?"

"छापखान्यातून. फॉर्म धुतला."

"कशानं धुता?"

खिळ्यांवरची शाई पाण्याने निघत नाही. ती आम्ही घासलेटाने धूत असू. सगळेच छापखाने धूत. त्यामुळे आमच्या हातांना, बाह्यांना आणि जेवणाच्या डब्यालाही घासलेटाचा वास येतो. तो आम्हाला मात्र येत नाही. पहिल्या महिन्यात येतो, मग नाक त्याची दखल घ्यायचे सोडते. मी त्या धंद्यात नऊ वर्षे होतो. अण्णा वीस. विठोबा त्याहून जास्त.

"त्या रविवारी?" गफूरभाईंनी विचारले.

मी आठवून पाहिले. एरवी अंक शनिवारी सकाळी निघे आणि रविवारी मी स्वच्छ हाताने बैठकीला जात असे. त्या आठवड्यात कागदाची रिमे मिरजेला अडकली होती. अंक रविवारी पहाटे छापून झाला, चारही पानांचे फॉर्म मी आणि विठोबाने मिळून धुतले, आणि हातावर साबण फिरवून मी थेट ओसरीवर जाऊन बसलो होतो. माझ्या मनगटावर हिना चोळला, तेव्हा कातडीत मुरलेले घासलेटही उबेने वर आले. कोरा हात म्हणून तिघांनी विश्वासाने हुंगला, तो सबंध ओसरीवरचा सगळ्यात कमी कोरा हात होता.

गफूरभाई स्टुलावर बसले. हसले नाहीत. "हे रविवारी सगळ्यांसमोर दाखवाल?"

"दाखवीन."

"दुकानदाराला बैठकीत येऊ देत नाहीत."

"या वेळी देतील."

रविवारी मी आधी छापखान्यात जाऊन एक जुना फॉर्म घासलेटाने धुतला. दोन वेळा साबण लावला आणि निघालो. ओसरीवर तिघे होतेच. बाजूला गफूरभाईंबरोबर आलेले सातारचे कारभारी बसले होते, मांडीशी लाकडी पेटी. गफूरभाई पायरीवर उभे होते. आत बोलावले तरी आले नाहीत.

मी सगळे सांगितले. मास्तरांना पटले. बापूसाहेबांना पटले नाही.

"ही झाली तुमची थिअरी. पुरावा?"

"तुमचे डोळे बांधू द्या."

त्यांनी आपले उपरणे काढून माझ्या हाती दिले. सुभेदार त्या दिवशी माझ्या सांगण्यावरून अत्तर न लावता आले होते. कानात फाया नसल्याने ते सारखे कान चाचपत होते. त्यांच्या मनगटावर आणि माझ्या मनगटावर कारभाऱ्यांनी आपल्या पेटीतल्या एकाच बाटलीतून एकेक थेंब लावला. चोळून झाल्यावर आम्ही आळीपाळीने हात पुढे केले.

"हिना," बापूसाहेब म्हणाले. "चांगला आहे. जुन्या चंदनतेलावर काढलेला." तो सुभेदारांचा हात होता.

"घासलेट." तो माझा.

कारभाऱ्यांनी खुणेने क्रम बदलला. तरी सुभेदारांच्या हाताला हिना आणि माझ्या हाताला घासलेट, हेच उत्तर आले. पुन्हा बदलला. पुन्हा तेच. मग मी माझा डावा हात पुढे केला. त्याला अत्तर लावलेच नव्हते.

बापूसाहेब बराच वेळ वाकून राहिले. "ह्यात नुसतं घासलेट आहे," ते म्हणाले. "हिना कुठाय?"

सुभेदार म्हणाले, "सोडा वकीलसाहेब आता. खटला हारला तुमी."

बापूसाहेबांनी उपरणे सोडले, नीट घडी घातली आणि पायरीपाशी गेले. "गफूरभाई, मी खरं सांगितलं होतं. पण चुकीचं सांगितलं होतं."

"व्हय साहेब," गफूरभाई म्हणाले. त्यांची नजर कारभाऱ्यांकडे होती.

कारभाऱ्यांनी पेटीचे झाकण लावले. "मी डोळ्यांनी पाहिलं. पण आमच्या मालकांनी छापलेलं वाचलंय. माझं तोंडी ऐकणार नाहीत." ते माझ्याकडे वळले. "हेही छापा. त्याच जागी. अंक लग्नाआधी सातारला पोचला तर माल राहील. नाही तर पेटी पार्सलनं परत." आणि ते पेटी घेऊन सातारला गेले.

सोमवारी मी खुलासा लिहून अण्णांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि टेबलावर पालथा घातला.

"एक ओळ टाकू. 'हिन्याबाबत गैरसमज झाला होता.' तिसऱ्या पानावर, खाली."

"वाक्य चौथ्या पानावर होतं. वर."

"लिमये, आपल्या उपसंपादकाच्या हाताला घासलेटाचा वास येतो, हे आपणच छापायचं? गाव हसेल."

"हसू दे."

"एका अत्तरवाल्यासाठी?"

"सही नव्हती तरी सदर माझं होतं, अण्णा. आणि हातही माझाच होता."

अण्णांनी स्वतःचा हात उचलून नाकाशी नेला. तळवा हुंगला, मनगट हुंगले, बाही हुंगली.

"मला तर काहीच येत नाही," ते म्हणाले.

"मलाही येत नाही. तेच छापायचंय."

खुलासा त्या शनिवारी चौथ्या पानावर, वर, त्याच टाइपात छापला गेला. त्यात चार वाक्ये होती. हिना निर्दोष होता. वास लेखकाच्या हाताचा होता. तो छपाईच्या कामामुळे लागला होता आणि सवयीमुळे लेखकाला जाणवला नाही. दुकानदारांना झालेल्या त्रासाबद्दल साप्ताहिक दिलगीर आहे. पहिली प्रत मी स्वतः सातारच्या मोटारीत ड्रायव्हरच्या हातात दिली. त्यानंतर पाच दिवस टपाल आले की मी गफूरभाईंच्या दुकानावरून एक चक्कर मारत असे. ते मान हलवून 'नाही' सांगत. सहाव्या दिवशी दुकानात न शिरताच मला कळले. ते बाहेर उभे होते. पेटी राहिली होती. मांडवात तोच हिना लागणार होता.

सगळेच पूर्ववत झाले असे नाही. खुलासा वाचणारे लोक मूळ मजकूर वाचणाऱ्यांपेक्षा नेहमी कमी असतात. काही जुनी गिऱ्हाइके परत आलीच नाहीत. जी आली त्यांतलेही काही वर्षानुवर्षे दुकानात डोकावून विचारत, "काय भाई, घासलेट आहे का?" गफूरभाई बाटली पुसता पुसता सांगत, "ते छापखान्यात मिळतं."

बैठक चालू राहिली. नियम मात्र बदलले. आता अत्तर दोन हातांवर लावत आणि आधी दोन्ही हात नुसते हुंगत. माझे मनगट कायमचे बाद झाले. सुभेदार एक रविवार सोडून एका रविवारी कानात फाया न घालता येऊ लागले आणि त्याबद्दल कुरकुर करू लागले.

मी पुढे बरीच वर्षे या धंद्यात राहिलो. नवे बातमीदार येत, तेव्हा त्यांना दोघांकडून खात्री करून घ्यायला मीही शिकवले. त्यात एक भर घातली. साक्षीदार किती आहेत ते मोजण्याआधी त्यांनी काय हुंगले ते विचारा. माझ्याकडे तीन साक्षीदार होते, तिघेही प्रामाणिक होते, आणि तिघांनी एकच हात हुंगला होता.